दिवाळं निघालं, तर भाड्याचं घर जातं का?

धंदा बुडतो, नोकरी जाते, आजारपणात कर्ज होतं आणि एक दिवस हिशेब मांडल्यावर कळतं, की देणं आता फिटणारं नाही. अशा वेळी माणसाला पहिली धास्ती वाटते ती डोक्यावरच्या छपराची. ज्याचं घर स्वतःचं आहे, त्याला निदान बँकेची नोटीस कोणत्या वाटेने येईल हे ठाऊक असतं. भाड्याने राहणाऱ्याची अवस्था जास्त संभ्रमाची असते. ‘घर तर माझं नाहीच, मग ते देणेकऱ्यांच्या हाती लागेल कसं? पण मालकाला कळलं तर तो राहू देईल का? डिपॉझिटचं काय होईल? पागडीची खोली जप्त होते का?’ वकिलाकडे जाण्याआधी हे प्रश्न लोक शेजाऱ्याला विचारतात आणि बहुतेक वेळा चुकीची उत्तरं घेऊन परततात.

थोडक्यात उत्तर असं, की केवळ दिवाळं निघालं म्हणून महाराष्ट्रात भाड्याचं राहतं घर सहसा जात नाही. ते जातं भाडं थकल्यामुळे, किंवा घाबरून उचललेल्या एखाद्या पावलामुळे. हे असं का, ते एकेक पायरी चढत पाहू.

१. कर्ज थकणं वेगळं, नादार ठरणं वेगळं

बोलताना आपण दोन्हीला ‘दिवाळं’च म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र हप्ते थकले, वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले, चेक परत गेला, तरी माणूस आपोआप दिवाळखोर होत नाही. त्यासाठी न्यायालयात अर्ज व्हावा लागतो आणि न्यायालयाने तसा आदेश द्यावा लागतो. अर्ज कर्जदार स्वतः करू शकतो, तसाच त्याला कर्ज देणाराही करू शकतो. आदेश झाला की माणूस ‘नादार’ ठरतो.

आपल्याकडे थकलेली बहुतेक कर्जं या टप्प्यापर्यंत जातच नाहीत. बँक किंवा सावकार वसुलीचा दावा लावतो, हुकूमनामा मिळवतो आणि जप्ती मागतो. म्हणून पुढे दोन्ही वाटांचा विचार करू: एक साध्या हुकूमनाम्यावरून होणारी जप्ती आणि दुसरी नादारी.

२. कोणता कायदा लागू होतो?

२०१६ साली ‘नादारी व दिवाळखोरी संहिता’ आली आणि तिचा गाजावाजाही बराच झाला. तिच्यात व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे, पण १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. कंपनीसाठी हमीदार म्हणून सही केलेला संचालक त्यात येतो. किराणा दुकानदार, रिक्षाचालक, शिक्षक यांना मात्र अजून जुनेच कायदे लागू आहेत. मुंबईसाठी १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी कायदा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी १९२० चा प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी कायदा. मुंबईत अर्ज उच्च न्यायालयात होतो, इतरत्र जिल्ह्याच्या न्यायालयात.

कायदे किती जुने आहेत याची कल्पना एका आकड्यावरून येते. १९२० च्या कायद्यात स्वतःच्या नादारीचा अर्ज करायला निदान ५०० रुपयांचं कर्ज असावं लागतं. त्या काळी ती मोठी रक्कम होती.

३. मालमत्ता कोणाच्या हाती जाते?

नादारीचा आदेश झाला की माणसाची मालमत्ता त्याच्या हातून निघून न्यायालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते. मुंबईत त्याला ऑफिशियल असायनी म्हणतात, इतरत्र रिसीव्हर. असा अधिकारी का हवा, हे पंगतीवरून लक्षात येईल. पातेलं मध्ये ठेवून ‘घ्या हवं तेवढं’ म्हटलं, तर पुढे बसलेले चारजण सगळं संपवतील. वाढपी एकच असला, की प्रत्येकाच्या पानात थोडं तरी पडतं. नादारीतही तसंच होतं. रिसीव्हर मालमत्ता गोळा करतो, विकतो आणि येणारे पैसे देणेकऱ्यांत नियमाने वाटतो. तोवर कोणा एका देणेकऱ्याला न्यायालयाच्या परवानगीशिवाय आपल्यापुरती वसुलीची कारवाई करता येत नाही.

पण सगळंच काही रिसीव्हरकडे जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्त न होणाऱ्या वस्तूंची यादी आहे आणि १९२० चा कायदा तीच यादी स्वीकारतो. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, धार्मिक रूढीने स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, हे सगळं सुटतं. १९७६ च्या दुरुस्तीने या यादीत आणखी एक गोष्ट आली. जिथे भाडे नियंत्रणाचा कायदा लागू आहे, अशा राहत्या इमारतीतला भाडेकरूचा हक्क जप्त करता येत नाही.

बहुतेक भाडेकरूंना ही तरतूद माहीतच नसते. तिचा अर्थ असा, की पुण्यातल्या वाड्यात किंवा कोल्हापुरातल्या चाळीत भाडेकरू म्हणून राहणाऱ्याचा त्या खोलीवरचा हक्क देणेकऱ्याला लिलावात काढता येत नाही आणि रिसीव्हरलाही विकता येत नाही. ही सूट फक्त राहत्या जागेला आहे. भाड्याचं दुकान, गाळा किंवा गोदाम तिच्यात येत नाही. एकाच माणसाची चाळीत खोली आणि बाजारात पागडीचं दुकान असेल, तर खोली वाचते, दुकानावर मात्र टाच येऊ शकते.

मुंबईकरांनी एक फरक ध्यानात ठेवावा. साध्या हुकूमनाम्याच्या जप्तीत कलम ६० मुंबईतही लागू आहे. नादारीत मात्र १९०९ च्या कायद्याची स्वतःची जुनी यादी आहे. तिच्यात हत्यारं, कपडे, अंथरूण, भांडी आणि सामान मिळून ३०० रुपयांपर्यंतची सूट आहे. म्हणून मुंबईत नादारीचा अर्ज करण्याआधी राहत्या खोलीचा मुद्दा वकिलाशी स्वतंत्रपणे बोलून घ्यायलाच हवा.

४. तुम्ही भाडेकरू आहात की लायसन्सवर राहता?

सोसायटीत फ्लॅट घेऊन ११ महिन्यांचा करार करणारे स्वतःला भाडेकरूच म्हणवतात. पण तो ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार असतो आणि कायद्यात त्याची जागा निराळी आहे. भाडेकरूला त्या जागेत हक्क मिळतो. लायसन्सवाल्याला मिळते ती फक्त वापराची परवानगी, तीही त्याच्यापुरती. साधारणपणे ती दुसऱ्याला देता येत नाही, त्यामुळे रिसीव्हरलाही तिच्यात विकण्याजोगं काही सापडत नाही.

मग लायसन्सवाला जास्त सुरक्षित झाला का? तसं नाही. त्याचं संरक्षण कराराच्या मुदतीपुरतंच असतं. मुदत संपली, की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागू शकतो आणि मुदतीनंतर घर अडवून ठेवलं तर दुप्पट दराने पैसे भरावे लागतात. शिवाय बहुतेक छापील करारांत भाडं चुकल्यास नोटीस देऊन करार मोडण्याचं कलम असतं. दिवाळं निघण्याच्या वाटेवर असाल, तर आजच आपला करार काढा आणि तारीख, नोटिशीचा काळ व करार मोडण्याची कारणं या तीन गोष्टी वाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणीच झाली नसेल, तर करारातल्या अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं असेल तर मालकाने सिद्ध करावं लागतं.

५. ‘नादार झाल्यास जागा परत’ असं कलम असेल तर?

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम १११ (जी) आहे. भाडेपट्ट्यात तशी अट लिहिलेली असेल आणि भाडेकरू नादार ठरला, तर मालक भाडेपट्टा संपवू शकतो, असं ते सांगतं. जुने भाडेपट्टे चाळले तर ही अट सापडते आणि ती वाचून माणूस हादरतो.

पण जिथे भाडे नियंत्रण कायदा लागू आहे, तिथे एवढ्यावर घर रिकामं करून घेता येत नाही. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने धनपाल चेट्टियार प्रकरणात हे स्पष्ट केलं. भाडेपट्टा संपला एवढं पुरेसं नाही, भाडे नियंत्रण कायद्यातलं एखादं कारण मालकाला सिद्ध करावंच लागतं. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात अशी कारणं कलम १५ आणि १६ मध्ये दिली आहेत. मालकाची खरी गरज, परस्पर ठेवलेला पोटभाडेकरू, जागेचं नुकसान, शेजाऱ्यांना उपद्रव, थकलेलं भाडं अशी ती कारणं आहेत. भाडेकरूची नादारी त्यांत कुठेच नाही.

६. थकलेलं भाडं: खरा धोका इथे आहे

नादारीच्या आदेशाआधी थकलेलं भाडं इतर कर्जांसारखंच एक कर्ज असतं. त्याच्या वसुलीसाठी मालक इतर देणेकऱ्यांबरोबर रांगेत उभा राहतो. इथपर्यंत ऐकून काहींना वाटतं, की मागचं भाडं बुडालं तरी घर आपलंच. हा गैरसमज महागात पडतो. मालकाकडे दोन हक्क असतात, पैसे मागण्याचा आणि घर परत मागण्याचा. नादारीने पहिल्याला अडसर येतो. दुसरा हक्क संपत नाही. फार तर त्यासाठी मालकाला आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

कलम १५ भाडेकरूला मात्र सावरायला वेळ देतं. भाडं थकलं तर मालकाला आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबावं लागतं. त्यानंतरच तो दावा लावू शकतो. दाव्याचं समन्स हाती आल्यापासून आणखी ९० दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी, तिच्यावर दरसाल १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरला आणि पुढचं भाडं नियमित देत राहिला, तर या कारणावरून घर काढून घेता येत नाही.

ढोबळ हिशेब करून पाहू. समजा, भाडं महिना ३,००० रुपये आहे आणि १० महिन्यांचं थकलं आहे. थकबाकी झाली ३०,०००. ती वर्षभर तशीच राहिली, तर व्याज ४,५००. म्हणजे घर वाचवायला ३४,५०० रुपये आणि दाव्याचा खर्च लागेल, शिवाय दरम्यानचं चालू भाडं. रक्कम मोठी आहे, पण नवं घर शोधायचं तर डिपॉझिट, दलाली आणि सामानाच्या टेम्पोचं भाडं मिळून यापेक्षा जास्त लागू शकतं.

या काळात मालकाने परस्पर कुलूप घातलं, किंवा पाणी-वीज तोडली, तर ते बेकायदा आहे. पाणी-विजेसारख्या आवश्यक सोयी तोडण्याला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने मनाई आहे. जबरदस्तीने बाहेर काढलेल्याला १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो.

७. डिपॉझिट आणि पागडी

डिपॉझिट तुमचं आहे, म्हणून ते तुमच्या मालमत्तेतही मोजलं जातं. पण रिसीव्हरला तुमच्यापेक्षा जास्त हक्क मिळत नाही. करार संपल्यावर जे तुम्हाला परत मिळालं असतं, तेच त्याला मिळतं. त्याआधी मालक आपली बाकी वळती करून घेऊ शकतो. समजा, डिपॉझिट १,००,००० रुपये, लायसन्सचं भाडं महिना २०,००० आणि तीन महिने थकलेले. मालकाचे ६०,००० वळते झाल्यावर ४०,००० उरतात आणि ते देणेकऱ्यांच्या वाट्याला जातात. त्यामुळे ‘हे घर सोडू आणि याच डिपॉझिटवर दुसरं घेऊ’ हा बेत नादारीत सहसा फसतो. शक्य असेल तोवर आहे त्याच घरात राहणं शहाणपणाचं.

पागडीच्या खोलीबद्दल तर जास्तच जपावं लागतं. १९९९ च्या कायद्याने पागडीच्या व्यवहाराला मान्यता दिली आहे. कलम ५६ नुसार भाडेकरूला आपला हक्क सोडताना मोबदला घेता येतो. कर्जाने गांजलेला माणूस मग विचार करतो, ‘खोलीच देऊन टाकावी, चार लाख येतील, कर्ज फिटेल.’ इथे थांबून नीट विचार करावा. खोलीतला राहता हक्क जप्तीपासून सुरक्षित होता, पण हातात आलेल्या पैशांना ते कवच नाही. ते देणेकऱ्यांकडे जातील आणि कर्ज तरीही उरलं, तर कुटुंबाकडे पैसाही नसेल आणि घरही नसेल. पागडी विकणं हा सगळ्यात शेवटचा उपाय असावा, तोही सगळं देणं त्यातून खरोखर फिटणार असेल तरच.

८. पगारातून भाडं उरतं का?

नादारीत पुढे होणारी कमाईही देणेकऱ्यांच्या हिशेबात येऊ शकते. पगाराला मात्र कलम ६० चं कवच आहे. पोटगीसारखी देणी वगळता, पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग जप्त होत नाही.

समजा, पगार ३१,००० आहे. पहिले १,००० सुटले. उरलेल्या ३०,००० चे दोन-तृतीयांश म्हणजे २०,००० सुटले. हातात किमान २१,००० राहतात आणि जप्ती जास्तीत जास्त १०,००० वर. घरभाडं ९,००० असेल, तर ते देऊन १२,००० घरखर्चाला उरतात. ओढाताण होईल, पण छप्पर टिकेल. हा हिशेब पहिल्याच आठवड्यात कागदावर मांडला, की घर परवडेल की नाही हे स्पष्ट दिसतं.

९. घाबरून केलेल्या चार चुका

पहिली चूक म्हणजे पळून जाणं. वसुलीवाल्यांना चुकवायला माणूस खोलीला कुलूप लावून गावी निघून जातो. देणेकऱ्यांना टाळण्यासाठी राहतं घर सोडून जाणं हेच कायद्याने नादारीचं एक कृत्य आहे. त्यावरून देणेकरी तुमच्या नादारीचा अर्ज करू शकतो. शिवाय योग्य कारणाशिवाय दाव्याआधीचे सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ खाली मालकाला ताबा मागता येतो. म्हणजे ज्या घरासाठी पळापळ केली, तेच पळण्यामुळे जातं. वसुलीवाल्यांनाही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं आहे, की वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करू नयेत, धमक्या देऊ नयेत, चारचौघांत अपमान करू नये.

दुसरी चूक म्हणजे चार पैसे सुटावेत म्हणून मालकाला न विचारता खोली किंवा तिचा भाग पोटभाड्याने देणं. घर रिकामं करून घ्यायला हे स्वतंत्र कारण आहे.

तिसरी चूक म्हणजे अर्जाच्या तोंडावर कोणा एकाला झुकतं माप देणं. नात्यातल्या माणसाचं सगळं देणं चुकतं केलं आणि इतरांना काहीच दिलं नाही, असं अर्जाआधीच्या तीन महिन्यांत घडलं, तर तो व्यवहार न्यायालय रद्द ठरवू शकतं. दरमहाचं चालू भाडं वेळेवर देणं वेगळं आणि मालक नातलग आहे म्हणून त्याला एकदम मोठी रक्कम देणं वेगळं.

चौथी चूक म्हणजे लपवाछपवी. नादारीतून मुक्तता होण्याआधी, आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेणं हा गुन्हा आहे. नव्या घराच्या डिपॉझिटसाठी मित्राकडून पैसे घेताना त्याला खरं सांगायलाच हवं.

१०. कोणाबरोबर राहता, तेही पाहा

दोघा-तिघांनी मिळून घर घेतलं असेल आणि करारावर सगळ्यांच्या सह्या असतील, तर एकाच्या नादारीने बाकीचे सुटत नाहीत. मालक पूर्ण भाडं त्यांच्याकडून मागू शकतो. नादाराला न्यायालयाने मुक्त केलं, तरी त्याच्या देण्याला जामीन राहिलेल्याची जबाबदारी उरतेच. करार एकट्या पत्नीच्या नावावर असेल, तर नवऱ्याच्या वैयक्तिक कर्जामुळे तिचा करार धोक्यात येत नाही. ज्यांनी सही केली आहे, त्यांना वेळेवर सगळं खरं सांगणं हे आपलं कर्तव्य आहे.

११. मग करायचं काय?

भाड्याची बाकी दोन महिन्यांवर जाण्याआधीच मालकाला भेटा आणि हप्ते ठरवा. जे ठरेल ते लिहून घ्या. प्रत्येक वेळी पावती घ्या किंवा खात्यातूनच पैसे द्या. ‘दिलं होतं’ हे न्यायालयात कागदाशिवाय टिकत नाही. नोटीस किंवा समन्स आलं तर ते हाती पडल्याची तारीख लिहून ठेवा, कारण ९० दिवस तिथून मोजले जातात. वकिलाची फी परवडत नसेल, तर प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्यानुसार तिथे स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेल्यांनाही मिळतो.

कर्जं अनेक असली, की जो सर्वांत जोरात ओरडतो त्याला आपण आधी पैसे देतो. क्रेडिट कार्डवाला दिवसातून दहा फोन करतो, घरमालक महिन्यातून एकदा विचारतो. पण कार्डवाल्याला तुमच्या राहत्या खोलीला हात लावता येत नाही आणि घरमालकाला भाड्याच्या बाकीवर ती परत मागता येते. म्हणून अडचणीच्या काळात दरमहा पहिला पैसा घरभाड्याचा बाजूला काढा. बाकीच्या देण्यांचं काय करायचं, हे छपराखाली बसून ठरवता येतं.